उलटा फर्मा

खरं सांगते, कादंबऱ्यांतल्या माणसांची मला कधी कीव आली नाही. उलट रागच यायचा. एका सकाळी आयुष्य उलटंपालटं झालं म्हणून तीनशे पानं रडत बसायचं म्हणजे काय? आमच्याकडे या म्हणावं, दिवसभर टाके घाला, रडायला सवड मिळते का बघा.

आमचं पुस्तक-बाइंडिंगचं दुकान. खाली दुकान, वर दोन खोल्या. वाचनालयाच्या बाई महिन्यातून एकदा फाटक्या पुस्तकांचे गठ्ठे आणून टाकायच्या, आणि त्यांत निम्म्याहून जास्त याच कादंबऱ्या. कुणाचा नवरा जेवता जेवता उठून निघून गेलेला, कुणाला पन्नाशीत कळलेलं की आपण ज्यांना आईबाप म्हटलं ते आपले नव्हतेच. "याच जास्त वाचतात लोक, म्हणून याच आधी फाटतात," असं त्या बाई म्हणायच्या.

पुस्तक उसवलं की त्याचे फर्मे सुटे होतात. फर्मा म्हणजे सोळा पानांची एक घडी. आमचे हे फाटकी पानं चिकटवून, फर्मे क्रमाने लावून माझ्यापुढे ठेवायचे. मी शिवायचे. मग पाठीला खळ लावणं, पुठ्ठा चढवणं, दाबात ठेवणं, सगळं पुन्हा त्यांच्याकडे. एकतीस वर्षं एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसलो आम्ही, आणि एकतीस वर्षांत हा माणूस जेवढं बोलला ते एका फर्म्यात मावलं असतं. वर दोन पानं कोरी राहिली असती.

गल्लीत त्यांना घुम्या म्हणायचे. पाठीमागे, पण त्यांना ठाऊक होतं. मला हाक मारायची तर "ए". टेबलावर बोट वाजवून "टाका सैल आहे", "उसव", "परत". झाल्या आमच्या गप्पा. कधी हात उगारला नाही, कसलं व्यसन नाही. बायका म्हणायच्या, नशीब काढलंस. मी म्हणायचे, हो ना, भिंतसुद्धा कधी हात उगारत नाही. लेक तर शिकायला म्हणून दुसऱ्या शहरात गेली ती तिथलीच झाली. फोनवर बापाची चौकशी करायची ती कुणी पावसाची करावी तशी.

एक मात्र होतं. सकाळी मी खाली उतरायच्या आत माझ्या दोऱ्याला मेण लावून तो माझ्या उजव्या हाताला ठेवलेला असायचा. मेण नसलं की दोरा गुंततो, तुटतो. कामात खोळंबा त्यांना खपायचा नाही, म्हणून. निदान मी तरी तसंच समजत आले.

गेल्या वर्षी एक कादंबरी शिवून, पुठ्ठा चढवून तयार झाली. एका घड्याळजीच्या बायकोची गोष्ट. मी सहज चाळायला घेतली, तर सातवा फर्मा उलटा! डोकं खाली, पाय वर. त्यांनी उलटा लावला होता आणि मीही न बघता तसाच शिवला होता. या माणसाच्या हातून एकतीस वर्षांत एक पान इकडचं तिकडे झालं नव्हतं. आता चार दिवस घरात स्मशानशांतता, असं मनाशी म्हणत मी पुस्तक त्यांच्यापुढे सरकवलं.

त्यांनी पाहिलं. आणि हसले. गालातल्या गालात नाही हो, खदाखदा, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"अगं, हिला कळलं ना की आईबाप आपले नाहीत, बरोबर तिथंच पान उलटं झालंय बघ! हिच्याबरोबर पुस्तकानंही कोलांटी मारली." मग डोळे पुसत म्हणाले, "पुढं काय होतं गं हिचं?" आणि मला माझ्या नावानं हाक मारली. लग्नानंतर पहिल्यांदा. मला आधी वाटलं, दुकानात आणखी कुणी बाई आली आहे.

त्या दिवसापासून चार महिने. काय सांगू! मी शिवायला बसले की हे समोर बसून मला ती कादंबरी वाचून दाखवायचे. रोज एखादं पान, कधी तेही नाही, कारण मध्येच थांबून गप्पाच जास्त. "तुला पहिल्यांदा बघायला आलो, तेव्हा तू सारखी शिंकत होतीस. मला वाटलं, हिला हसू आवरत नाही म्हणून शिंकेचं सोंग करतेय. म्हणून हो म्हटलं मी."

"मग एकतीस वर्षं सांगितलं का नाही?"

"विचारलंस कधी?"

घ्या! विचारायची सोय होती का कधी?

लेकीला रोज फोन करायला लागले. पहिल्या दिवशी ती घाबरून म्हणाली, "आई, बाबांना काय झालंय? त्यांनी मला, जेवलीस का, विचारलं." पंधरा दिवसांनी तीच वेळ चुकली की रुसायची. जिन्यातून चढताना हे माझा हात धरायचे. या वयात, दिवसाढवळ्या! मी झिडकारायचे, आणि चार पायऱ्या चढून झाल्यावर स्वतःच हात मागे करायचे.

दुकानाचा मात्र बोजवारा उडाला. फर्मे मागचे पुढे, खळ सांडलेली, पुठ्ठे तिरके. माझ्या दोऱ्याला मेण लावायचं ते विसरूनच गेले. दोरा तटातट तुटायचा, मी गाठी मारत बसायचे, आणि खरं सांगू, मला काही वाटायचं नाही. तुटू दे मेला. डाव्या हातातून त्यांचा चमचा पडायचा. डावा खांदा दाराच्या चौकटीला आपटायचा. सकाळी डोकं धरून बसायचे. मला दिसत नव्हतं असं कसं म्हणू? दिसत होतं. बघायचं नव्हतं. एकतीस वर्षांनी दार उघडलं होतं, आता बिजागरी का वाजते म्हणून कोण विचारत बसतो?

सातव्या फर्म्यापाशी आलो तेव्हा त्यांनी सरळ पुस्तकच उलटं धरलं आणि वाचायला लागले. दारावरून जाणारा एकजण थबकून बघायला लागला, तर हे त्याला म्हणतात, "काय बघता? आमच्याकडे असंच वाचतात." मी हसत होते. ती घड्याळजीची बायको आपल्या खऱ्या आईचं दार वाजवते, इथवर वाचलं. आणि पुस्तक हातातून सुटलं, मागोमाग हेही स्टुलावरून खाली आले.

दवाखान्यातली डॉक्टरीण माझ्या लेकीच्या वयाची होती. तिनं काळ्या फिल्मवर बोट ठेवून दाखवलं. कपाळामागे, लिंबाएवढी गाठ. काही महिन्यांपासून वाढत असणार. "स्वभावात काही बदल जाणवला का? जास्त बोलणं, हसणं, कामात चुका?"

म्हणजे ते हसणं, तो जिन्यातला हात, ते शिंकेचं, सगळं या लिंबाचं होय? चार महिने मी एका गाठीशी संसार करत होते?

"काढली नाही तर?" मी विचारलं.

"तीन-चार महिने. आधी नजर जाईल, मग शुद्ध."

"आणि काढली तर?"

"वाचतील. काम करतील. पूर्वीसारखे होतील." तिला वाटलं, मला धीर हवा आहे. माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "काळजी करू नका. तुमचा माणूस तुम्हाला परत मिळेल."

कुठला, विचारावंसं वाटलं मला. पण कुणाला विचारणार? वेडी म्हणाली असती.

त्यांचा निर्णय त्यांच्यावर सोडता येत नव्हता, गाठ नेमकी विचार करायच्या जागेवर बसली होती. सही माझी लागणार होती. लेक रात्रीची गाडी धरून आली. बाकावर माझ्या शेजारी बसली आणि बुटाच्या टोकाकडे बघत म्हणाली, "आई, थोडं थांबता नाही का येणार? महिनाभर? मला बाबा आत्ता कुठं मिळालेत."

मी तिच्यावर खेकसले. "लाज नाही वाटत? बाप आहे तो तुझा." ती रडायला लागली. मी इतकी का चिडले ते तिला कळलं नसेल. रात्रभर मी मनात तेच घोळवत होते, शब्दान्शब्द.

आत गेले तर हे खाटेवर बसून नर्सबाईंना आमच्या उलट्या पुस्तकाची गोष्ट सांगत होते. मला बघून सरकले, जागा केली.

"सगळं कळलंय मला," म्हणाले. "मी पूर्वीसारखा होणार म्हणतात." "मी पूर्वी वाईट होतो का गं तुझ्याशी?"

काय सांगायचं होतं? एकतीस वर्षांचा हिशेब त्या चार महिन्यांच्या माणसापुढे मांडायचा? त्या बिचाऱ्याचा काय दोष?

"वाईट कुठं?" मी म्हटलं. "कामसू होतात. जरा घुमे."

"मग कर सही. आणि कादंबरी कुणाला देऊ नकोस. उठलो की पुढचं वाचायचंय आपल्याला."

मी सही केली. अक्षर वेडंवाकडं आलं. डॉक्टरीण म्हणाली, चालेल.

ते वाचले. तिसऱ्या दिवशी डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं. मी वाकून उभी, जीव कानांत आणलेला. "दुकान बंद ठेवलंय?" असं विचारलं त्यांनी. मी हो म्हटलं. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

मागचे चार महिने त्यांच्या डोक्यातून साफ पुसले गेले होते. डॉक्टरीण म्हणाली, असं होतं, परत आठवेलच असं नाही. मी एकदा प्रयत्न करून बघितला. घरी आल्यावर जिना चढताना हात मागे केला. "पडशील, नीट कठडा धर," असं मागून ऐकू आलं. लेकीचा फोन आला, तर म्हणाले, "बोल. हं. बरंय. आईला देतो." मी फोन घेतला तेव्हा पलीकडे नुसता श्वास ऐकू येत होता. माझ्याजवळ तरी काय होतं तिला द्यायला?

महिन्याभराने दुकान उघडलं. सकाळी मी खाली आले तर माझ्या उजव्या हाताला मेण लावलेला दोरा ठेवलेला. तो बघितला आणि मला रडूच फुटलं. आता तुम्ही म्हणाल, बाई, हेच ते प्रेम, तुला इतकी वर्षं दिसलं नाही. लेक पण हेच म्हणाली, तिनं असलं कुठंतरी वाचलं असेल. असेल बाई, म्हणा बापडे. पण मला चार महिने खरंखुरं मिळालं होतं, नावानं हाक मारून मिळालं होतं, आणि ते मी माझ्या हातानं सही करून परत केलं. दोऱ्याच्या मेणानं त्याची भूक कशी भागायची?

वाचनालयाच्या बाई आल्या त्या तशातच. बाकीचे गठ्ठे घेतले आणि म्हणाल्या, "ती घड्याळजीची कादंबरी राहिली बघा. लोक विचारतात सारखे." मी म्हटलं, सापडत नाही. यांनी मान वर केली. आमच्या दुकानात पुस्तक हरवतं? उठले, आणि दोन मिनिटांत माझ्या शिवणाच्या डब्याखालून काढलं. जिथवर वाचलं होतं तिथं मी दोऱ्याचा तुकडा घालून ठेवला होता. पुस्तक बरोबर तिथंच उघडलं.

त्यांनी पान बघितलं. पुस्तक उलटं केलं. पुन्हा सुलटं केलं. कपाळाला ती जुनी आठी पडली.

"कुणी केलं हे?"

एक क्षण, एकच क्षण मला वाटलं, आता हसतील. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. बाई पण बघत होत्या.

"मी," मी म्हटलं. "माझ्याच हातून झालं."

"एकतीस वर्षं झाली. अजून लक्ष नाही कामात."

बाई म्हणाल्या, "अहो राहू द्या, उलटं धरून वाचतील लोक, त्यात काय!" यांनी ऐकलंच नाही. चूक ती चूक. पुठ्ठा सोडवला, पाठीची खळ खरवडली, ब्लेडच्या टोकाने माझे टाके एकेक करून कापले. हात पूर्वीसारखे, जरासुद्धा कापत नव्हते. माझा दोऱ्याचा तुकडा खाली पडला, तो केरात गेला. सातवा फर्मा त्यांनी बाहेर काढला, फिरवला, कडा ठोकून सरळ केल्या आणि सगळी चवड माझ्यापुढे सरकवली. मेण लावलेला दोरा सुईत ओवून वर ठेवला.

"शिव. बाई थांबल्यात."

मी सुई घेतली. सातव्या फर्म्याशी आले तेव्हा घडीच्या आत ती घड्याळजीची बायको अजून आपल्या आईच्या दारात उभी होती, आता सरळ उभी. दार उघडलं की नाही ते पुढच्या पानावर होतं. मी पान उलटलं नाही. टाका घातला, दोरा ओढला. त्यांनी वाकून बोटाने दाबून बघितला.

"सैल आहे," म्हणाले. "परत."

मी उसवला आणि पुन्हा घातला.