शोभाबाईंचं कडवं

शूटिंगसाठी चहाचा ट्रे घेऊन शोभाबाई पुन्हा एकदा उंबऱ्यातून आत आल्या. चहा केव्हाच पाणी झाला होता. आधी म्हैस ओरडली, मग गिरणी सुरू झाली, मग त्या स्वतःच कॅमेऱ्याकडं बघून बसल्या. आवाज नको म्हणून पंखाही बंद.

"मावशी, जरा हसत या ना," प्रियंका म्हणाली.

"हसायलेच की माय. गुडघ्याला कळंना झालंय."

प्रियंका मूळची जवळच्याच मुडबी गावची, आता बंगळूरात फिल्मा करायची. शोभाबाईंच्या गावाला, दुबलगुंडीला, आली होती ती त्यांच्या नवऱ्याच्या, भीमराजच्या, गायन पार्टीनं तिच्या जन्माआधी काढलेल्या कॅसेटसाठी. त्या कॅसेटीत पेटी-ढोलकीच्या मध्ये भीमराजच्या धाकट्या भावानं, संघपालनं, इलेक्ट्रिक गिटार घातली होती. तेव्हा वस्तीतली म्हातारी माणसं कानावर हात ठेवायची. आता बंगळूरची पोरं त्याला रॉक म्हणतात. संघपाल मात्र राहिला नाही.

सगळ्यांचा जीव एकाच गाण्यावर. ते मध्येच तुटतं. 'शिकल्या लेकी' एवढं म्हणून शोभाबाईंचा आवाज बंद.

"ते आमी मुद्दाम केलं," भीमराज खुर्चीत ताठ बसून सांगत होते. "गरिबाचं गाणं कधी पुरं होतं का?"

प्रियंकाचे डोळे भरून आले. शोभाबाईंनी नवऱ्याकडं बघितलं. कॅसेटची पट्टी संपली होती, दुसरं काय!

गायन पार्टीत रीत अशी, की ज्यानं गाणं रचलं त्याचं नाव शेवटच्या कडव्यात यायचं. ऐकणाऱ्याला त्यावरूनच कळायचं, गाणं कुणाचं. हे गाणं शोभाबाईंनी शेतात भांगलताना रचलेलं. पण संघपालची गिटार लांबली आणि कडव्याच्या तोंडाशी पट्टी संपली. बाहेर रेकॉर्डिंगसाठी दुसरी पार्टी खोळंबलेली. "जाने दो अक्का, पब्लिक को क्या समझता," कॅसेटवाला म्हणाला. कॅसेटवर छापलं 'भीमराज आणि पार्टी'. तेव्हापासून गाणं भीमराजचं झालं. भांडायला शोभाबाईंना सवड कुठं होती? पोरं होती, सासू अंथरुणावर होती.

आज संध्याकाळी प्रियंकाची जीप परत जाणार होती. त्याआधी ते कडवं फिल्ममध्ये जावं, एवढंच त्यांना हवं होतं.

त्यांनी ट्रे खाली ठेवला. "पोरी, मुद्दाम न्हवतं गं. पट्टी संपली. शेवट हाय त्याला." आणि उभ्यानंच म्हटलं:

"शिकल्या लेकी, पाटी घ्या गं,
दुबलगुंडीची शोभा गाते,
नाव तिचं तुमी लिवा गं."

दम पुरला नाही. शेवटचा 'गं' नुसता वारा.

प्रियंका घुटमळली. "छान आहे, मावशी. पण लोकांना तो तुटलेला शेवटच माहीत आहे. हे घातलं तर जादू जाईल. आपण यूट्यूबवर वेगळं टाकू."

"टाक की," शोभाबाई म्हणाल्या. हुज्जत घालायलाही अंगात जोर लागतो. त्या ट्रे उचलायला वाकल्या.

"अण्णा, आता संघपालकाकांची शेवटची आठवण सांगा."

भीमराजनी घसा खाकरला. "दवाखान्यात माजा हात धरला त्यानं. म्हनला, दादा, आपली कॅसेट..."

आणि हाताची घडी घालून बसले.

"पुढं काय म्हणाले, अण्णा?"

"पुढं काई न्हाई."

"असं कसं? अर्धंच राहिलं ना."

"ऱ्हाऊ दे की. अर्ध्यातच जादू हाय म्हनलीस न्हवं?"

"अवो," शोभाबाई वैतागल्या, "लेकरू लांबून आलंय. कामून आडून बसलाव?"

"तुजं कडवं घिऊ दे. मंग बोलतो. पट्टी संपली, हेबी माज्याच तोंडानं सांगतो."

"एवढी वर्सं न्हाई सुचलं व्हय?"

"लोकं वा वा करायलेत म्हनल्यावर न्हाई सुचत, शोभा."

प्रियंकानं कॅमेरावाल्याला खूण केली. कॅमेरा वळला. "मावशी, कडवं परत म्हणाल?"

"म्हनते. पन बसून." त्या भिंतीला टेकल्या, पाय लांब केले आणि पहिल्या ओळीपासून सुरू झाल्या.

"नुसतं कडवं चालेल, मावशी."

"मागचं म्हनल्याबिगर ते येत न्हाई माय," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा पहिल्यापासून उचललं. ध्रुवपदाला भीमराजनी खुर्चीतून उतरून, त्यांच्याशेजारी मांडी घालून, बसक्या आवाजात मागून सूर धरला.