गुमुशचायची माणसे

मित्रांनो, मी एक जुनी वही आहे. माझे कव्हर हिरव्या कापडाचे आहे, कोपरे झिजले आहेत आणि माझ्या पानांत एक अख्खे गाव राहते. सध्या माझा मुक्काम इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात असला, तरी मी मूळची अझरबैजानची.

तिथे एका नदीकाठी गुमुशचाय नावाचे छोटेसे गाव आहे. गुमुश म्हणजे चांदी आणि चाय म्हणजे नदी. गंमत अशी, की तिकडे चहालाही चायच म्हणतात! गावात डाळिंबाच्या बागा होत्या, गालिचे विणणाऱ्या बायका होत्या, तांब्याची भांडी घडवणारे कारागीर होते. बहुतेक लोक अझरबैजानी. शिवाय लेझगी नावाच्या डोंगरी जमातीच्या मेंढपाळांची काही घरे आणि दवाखान्यात एक रशियन नर्स.

शाळेत रहीम नावाचे गुरुजी होते. १९७५ साली त्यांनी मला विकत आणले आणि पहिल्या पानावर लिहिले, ‘आपल्या गावातली माणसे’. दर वसंतात ते मला घेऊन घरोघर जात. कोण जन्मले, कोण वारले, कोण लग्न होऊन आले, कोण कामासाठी राजधानी बाकूला गेले, सगळे माझ्यात नोंदवत. शेवटी बेरीज करत आणि तिच्याशेजारी सरकारी आकड्याचे कात्रण चिकटवत. पहिल्या वर्षी दोन्ही आकडे जुळले : एक हजार एकशे शहाऐंशी.

लोक हसायचे. “गुरुजी, आम्ही काय मेंढरं आहोत, असं मोजायला?”

“मेंढरू हरवलं तर त्याचा मालक शोधायला निघतो,” गुरुजी म्हणायचे. “तुम्हाला कोण शोधणार?”

मग १९७९चा एप्रिल आला. डोंगरावरचा बर्फ वितळला, त्यात पाऊस लागला आणि भर दुपारी नदी खालच्या आळीत शिरली. सगळे गाव टेकडीवर धावले. गुरुजींनी मला कोटाच्या आत छातीशी धरले होते. त्या गोंधळात त्यांनी मला उघडले आणि एकेका घराची नावे पुकारायला सुरुवात केली. “हजर!” “हजर!” असे आवाज येत होते. गुलसूम मावशीचे नाव आले, तेव्हा कोणीच ओ दिली नाही. ती एकटी राहायची आणि तिला मुळीच ऐकू येत नसे. दोन तांबट कमरेला दोर बांधून खाली उतरले आणि तिला माळ्यावरून पाठीवर घालून घेऊन आले. माझी चार पाने त्या दिवशी भिजली, शाई पसरली. पण त्यानंतर मला कोणी हसले नाही.

तीन वर्षांनी, १९८२च्या डिसेंबरात, गुरुजींची बायको झुलेखा न्यूमोनियाने गेली. ती अडतीस वर्षांची होती. मुलगी सेविंज तेरा वर्षांची. वसंत आला तसे गुरुजी मला घेऊन नेहमीसारखे निघाले.

“आई गेली आणि तुम्हाला गाव मोजायचं सुचतंय?” सेविंज दारात उभी राहून ओरडली.

गुरुजी मला काखेत धरून पायऱ्या उतरले. सेविंजने त्यानंतर मला कधी उघडले नाही.

पुढे सोव्हिएत संघ फुटला, देश बदलला. कारखाने बंद पडले आणि माणसे गाव सोडून जाऊ लागली. सेविंज नर्स झाली, लेस्टरच्या एका हॉस्पिटलमध्ये लागली. २००४च्या वसंतात गुरुजींनी माझ्यात शेवटची बेरीज केली, सहाशे बारा, आणि त्याच वर्षी ते वारले. दफनाला आलेली सेविंज मला बॅगेत टाकून घेऊन गेली. मग वीस वर्षे मी बॉयलरच्या कपाटात, एका खोक्यात पडून होते. कागदाला वाईट वाटते, मित्रांनो. फक्त दिसत नाही.

गेल्या वर्षी सेविंज छोट्या फ्लॅटमध्ये राहायला जाणार होती. सामान बांधायला तिच्या हॉस्पिटलमधली मैत्रीण डॉक्टर आसावरी आणि तिचा नवरा गिरीश आले होते.

“अगं, ही वही रिसायकलिंगच्या ढिगात का?” गिरीशने आसावरीला विचारले.

आसावरीने मला उचलले. तिला अक्षरे कळेनात, पण आकडे तर सगळीकडे सारखेच. ती पाने उलटत राहिली. मग सेविंजला इंग्रजीत म्हणाली, “तुझे बाबा शिक्षक होते ना? मग त्यांची बेरीज कशी चुकते गं? १९८२पर्यंत दोन्ही आकडे जुळतात. त्यानंतर दर वर्षी यांचा आकडा एकाने जास्त आहे.”

“बाबांची बेरीज चुकणं शक्यच नाही,” सेविंज म्हणाली आणि तिने मला आसावरीच्या हातातून घेतले.

चाळीसहून अधिक वर्षांनी तिची बोटे माझ्या पानांवर फिरली. तिने स्वतःच्या घराचे पान काढले. झुलेखा, वय एकोणचाळीस. पुढच्या वर्षी झुलेखा, वय चाळीस. मग एक्केचाळीस. ते नाव कुठेच खोडलेले नव्हते. गुरुजी दर वसंतात तिचे वय एकाने वाढवत गेले होते. शेवटच्या नोंदीत ती साठ वर्षांची होती.

सेविंज खोक्यावरच बसली. गिरीश गुपचूप चहा ठेवायला आत गेला.

“मला वाटायचं, त्यांना काही वाटलंच नाही,” ती म्हणाली.

आसावरी तिचा हात धरून बसून राहिली.

आता मी खिडकीपासून लांब, कोरड्या कपाटात असते. माझ्या पानांचे फोटो गुमुशचायच्या शाळेत पोचले आहेत. मित्रांनो, तुमच्याही घरात एखादी जुनी वही असेल. तिला ओल लागू देऊ नका, आणि फेकण्याआधी एकदा शेवटपर्यंत वाचा.

या वसंतात सेविंजने गावच्या शाळेत फोन करून नवा सरकारी आकडा विचारला. गुमुशचायमध्ये आज चारशे नऊ माणसे राहतात.

तिने पेन घेतले, आपल्या घराच्या पानावर आई-बाबांची वये वाढवली आणि माझ्यात लिहिले, चारशे अकरा.