ताकदीच्या गोळ्या

“ही बाटली कशाची?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं. भाऊसो फाइल काढायला गेला, तशी पिशवीतून ती त्यांच्या टेबलावर घरंगळली होती.

“ताकदीच्या गोळ्या हायत्या, मॅडम. औषद न्हाई.”

बाईंनी बाटलीवरची बारीक अक्षरं वाचली. “किती देता?”

“सकाळी दोन, सांजच्याला दोन. लाईट सुरू झाल्यापास्नं.”

“दुसरं काही औषध चालू आहे का, असं मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं.”

“व्हय. म्हणूनच न्हाई म्हणलो.”

आणि तो खोटं बोलला नव्हता. इस्लामपूरकडच्या त्याच्या गावात औषध म्हणजे रोगावरचं; ताकद म्हणजे खारीक-खोबऱ्याच्या जातकुळीतली. बायकोच्या, क्रांतीच्या, घशात गाठ निघाल्यापासून तिच्या अंगावर मूठभर मांस राहिलं नव्हतं. लाईट, म्हणजे रेडिएशन, घ्यायला रोज सांगलीला आणायचं, तर अंगात काही नको? चौकातला दुकानदार म्हणाला, “व्हिटॅमिन हाय, अपाय कसला?” आणि या भोळ्या सांबाला ते पटलं.

बाई रागावल्या नाहीत. रागवायलाही त्राण लागतं, आणि बाहेर अजून तीस पेशंट होते. “हे बघा, लाईट त्या गाठीला आतून जाळते. या गोळ्या पेशींना जळण्यापासून वाचवतात. चांगल्या पेशी वाचतील, तशी गाठही वाचू शकते. तसं झालंच असेल, असं नक्की सांगता येत नाही. पण आजपासून बंद.”

भाऊसोने साखर कारखान्याच्या बॉयलरवर भट्टी पेटती ठेवणारा फायरमन म्हणून एकतीस हंगाम काढले होते. जाळाचं त्याला कुणी शिकवायला नको होतं.

“म्हंजी तुमी जाळ घालायचा, आन मी त्यात पाणी वतायचो,” तो म्हणाला. बाईंनी बाटली बाजूला ठेवली आणि पुढच्याला बोलावलं.

तपासणी झालेली क्रांती बाहेर बाकावर बसली होती. त्याने तिला सगळं सांगितलं. लपवायची छातीच नव्हती. “माझ्याच हातनं घात झाला बघ,” तो म्हणाला.

ती बसलेल्या आवाजात म्हणाली, “सुटले म्हणायचं. गिळताना लय आग व्हायची.”

“मग बोलली का न्हाईस?”

“आवं, तुमी पाण्याचा तांब्या घिऊन हुबं असायचा. दुसरं काय करनार हुता? तेवढंच काम हुतं तुमच्या हाताला.”

भाऊसोला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चार गोळ्या, रोज, त्या सोललेल्या घशातून, आणि त्या कुणासाठी, तर त्याच्यासाठी.

लाईटच्या खोलीतून तिचं नाव पुकारलं. मशीनखाली गळ्यात काही चालत नाही, म्हणून मंगळसूत्र काढून ती रोज पिशवीत टाकायची. आज तिने ते त्याच्यापुढे केलं.

“धरा जरा,” ती म्हणाली आणि भिंतीच्या आधाराने आत गेली. दार लागलं. भाऊसो ते ओंजळीत घेऊन तिथंच उभा राहिला.