साडूची मान

धाकट्या साडूने दिव्यांचं दुकान काढलं आणि त्या दिवसापासून मास्तरांच्या पोटात दुखायला लागलं. दुकान तसं लहानच. पण छताला टांगलेले सगळे दिवे एकदम लावले की पलीकडच्या फुटपाथवर उजेड पडायचा, आणि मास्तरांची ड्रायव्हिंग स्कूलची गाडी रोज नेमकी तिथल्या सिग्नलला अडकायची. शिकाऊ माणूस क्लच सोडताना गाडी बंद पाडायचा, मागचे हॉर्न वाजवून जीव खायचे, आणि मास्तर त्या उजेडाकडे बघत मनात म्हणायचे, हा सगळा झगमगाट माझ्या जिवावर चाललाय.

खरं तर पैसे विमा कंपनीचे होते. पण विमा मास्तरांच्या गाडीचा होता, अपघात मास्तरांच्या हातून झाला होता आणि त्यानंतर दुप्पट झालेला हप्ता मास्तरच भरत होते. त्यामुळे हिशेब त्यांच्या डोक्यात असा पक्का बसला होता की ब्रह्मदेव आला असता तरी त्याला तो बदलता आला नसता.

अपघाताची गोष्ट ते स्वतःहून कुणाला सांगत नसत. इतकी वर्षं लोकांना गाडी शिकवणारा माणूस सिग्नलला उभ्या ट्रकवर मागून जाऊन आदळतो, आणि तेही शेजारी बसलेल्या साडूला पुढच्या गाडीपासून किती अंतर ठेवावं हे समजावून सांगताना, ही काय चारचौघांत सांगण्यासारखी गोष्ट आहे? ट्रकला ओरखडा आला नाही. मास्तरांना साधं खरचटलं नाही. साडूची मान तेवढी जोरात पुढे गेली आणि मागे आली. ‘‘काही नाही दादा, जरा लचकली,’’ म्हणून तो हसला होता. आठवड्याभरात मानेला पट्टा आला आणि पट्ट्यामागोमाग वकील आला.

वकिलाच्या कागदावर लिहिलं होतं, चूक सर्वस्वी चालकाची. मास्तर पेनाचं टोपण काढत होते, पुन्हा लावत होते.

‘‘करा ना सही,’’ बायको म्हणाली. ‘‘तुमच्या खिशातून थोडंच जायचंय? कंपनी देणार. माझ्या बहिणीचा नवरा आहे तो, परका का आहे?’’

मास्तरांनी सही केली. भरपाईची पहिली रक्कम आली आणि त्यात साडूने दुकान घातलं. पूर्वी तो पीओपीची कामं करायचा. दिवसभर मान वर करून लोकांच्या छतांवर वेलबुट्ट्या काढायचा आणि संध्याकाळी पांढराफटक होऊन घरी यायचा. आता इस्त्रीचा शर्ट घालून गल्ल्यावर बसायला लागला. मास्तर त्याला ‘शेठ’ म्हणायला लागले. त्यातला खवचटपणा न कळण्याइतका साडू बावळट नव्हता, पण तो त्यावरही हसायचा, आणि तेच मास्तरांना जास्त झोंबायचं.

शिवाय सासूबाई. घरात नळ गळो की बँकेचं पत्र येवो, पूर्वी त्या मास्तरांना विचारायच्या. आता म्हणायच्या, ‘‘असू दे, धाकट्यांना विचारते.’’ आणि धाकटे यायचे कसे, तर मेहुणी गाडी चालवतेय आणि हा शेजारी ताठ बसलाय, समोर नजर लावून, एखाद्या बड्या साहेबासारखा. मास्तर सासूबाईंच्या गॅलरीतून ते बघायचे आणि त्यांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. वर त्यांची बायको कौतुकाने म्हणायची, ‘‘बघा, बायकोच्या हातात गाडी द्यायला पण मन मोठं लागतं.’’ मेहुणीला गाडी मास्तरांनी शिकवली होती. तीही फुकट.

इकडे स्कूलची रया गेली होती. दोनपैकी एक गाडी विकून झाली होती. यंदाही हप्ता तेवढाच आला तर दुसरीही विकायची आणि या वयात दुसऱ्याच्या स्कूलमध्ये नोकरी धरायची, एवढाच मार्ग उरला होता.

अशात एक विधेयक आलं. कुठल्या दुखापतीला जास्तीत जास्त किती भरपाई, हे कायद्यानेच ठरवून टाकायचं. मान लचकली, इतके. पाठ धरली, इतके. वर एक पैसा नाही. भरपाया आटोक्यात आल्या की हप्ते उतरवू, असं कंपन्यांनी कबूल केलं होतं. आणि ज्यांचे दावे अजून मिटलेले नाहीत, त्यांनाही हा कायदा लागू व्हायचा होता. हे शेवटचं वाक्य मास्तरांनी पेपरात वाचलं, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. साडूचा दावा मिटला नव्हता. मोठी रक्कम अजून यायचीच होती.

विधेयकावर लोकांचं म्हणणं ऐकायला सरकारने एक समिती नेमली होती. तिच्या सुनावणीत बोलायला ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांच्या संघटनेला एक माणूस हवा होता. मास्तर त्यांच्या मागेच लागले. आरशासमोर उभं राहून भाषणाची तालीम सुरू झाली. साडूचं नाव घ्यायचं नाही, पण साडूला कळेल असं बोलायचं, असं त्यांनी ठरवलं.

सुनावणीच्या आधीच्या रविवारी साडूचाच फोन आला. ‘‘दादा, एक काम होतं. डॉक्टरांच्या दाखल्यावरून परवान्याची परीक्षा पुन्हा द्यायला सांगितलीय. एकदा घेऊन बसाल का मला? दुसऱ्या कुणापुढे लाज वाटते.’’

मास्तरांना आनंदाच्या उकळ्या फुटल्या. आता कळेलच, ते मनात म्हणाले. डॉक्टरला फसवशील, वकिलाला फसवशील. माझ्या गाडीत बसून मला काय फसवणार?

कारखान्यांच्या मागचा रुंद रस्ता रविवारी मोकळाच असायचा. साडू स्टिअरिंगवर, मास्तर शेजारी, पाय त्यांच्या बाजूच्या ब्रेकवर. सरळ रस्त्यावर साडूने झकास गाडी चालवली. मास्तर खूश झाले. याला काही झालेलं नाही.

‘‘डावीकडची लेन घ्या, शेठ,’’ ते म्हणाले. ‘‘नुसता आरसा नको. खांद्यावरून मागे बघायचं.’’

साडूने मान वळवायला घेतली. मान जरा वळली आणि अडली. मग खांदा वळला, मग कंबर, मग अख्खा माणूसच डावीकडे फिरला आणि त्याबरोबर हातातलं स्टिअरिंगही. गाडी तिरकी होऊन कठड्याकडे निघाली. मास्तरांनी ब्रेक दाबला.

साडू हनुवटीला तळहाताचा आधार देऊन बसला होता. वरच्या ओठावर घाम आला होता. डोळ्यांतून पाणी आलं होतं, ते तो शर्टाच्या बाहीने टिपत होता. सोंग काढणारे लोक मास्तरांनी खूप पाहिले होते. परीक्षा टाळायला पोटात कळ आणणारे, पाय मुरगळणारे. हे सोंग नव्हतं.

‘‘डावीकडे फिरतच नाही,’’ साडू म्हणाला. ‘‘गिऱ्हाईकाला वरचा दिवा दाखवायचा तर स्टुलावर बायकोला चढावं लागतं. पण आता ती मोठी रक्कम आली की ऑपरेशन करून टाकू. डॉक्टर म्हणतात, बरीच सैल होईल.’’ आणि मग हसून, ‘‘तुमची गाडी आपटली असती ना आज पुन्हा. हप्ता वाढला असता.’’

मास्तरांनी जागा बदलून त्याला घरी सोडलं. वाटेत एक अक्षर बोलले नाहीत. साडूला वाटलं, दादांना वाईट वाटलं. मास्तरांना राग आला होता. हा माणूस लबाड असावा, एवढीच त्यांची मागणी होती. तेवढंही त्याच्याच्याने झालं नाही. एवढे दिवस जपलेला, चघळलेला राग आता ठेवायचा कुठे? घरी येऊन ते आरशासमोर उभे राहिले. भाषणातलं एक वाक्य बदलावं की काय, असं मनात आलं. तेवढ्यात बायको फोनवर बहिणीशी बोलताना खळखळून हसली आणि मास्तरांनी काहीच बदललं नाही.

सुनावणीची खोली मोठी होती, आत गारवा होता आणि कोपऱ्यात टीव्हीवाल्यांचे कॅमेरे लागले होते. लांब टेबलामागे समितीचे लोक पाण्याचे ग्लास घेऊन बसले होते. मास्तर चांगलं बोलले. गाडी विकली तो प्रसंग सांगताना त्यांचा आवाज आपोआप भरून आला. मग ते म्हणाले, ‘‘माझ्या गाडीत बसलेल्या एका माणसाची मान लचकली. आज त्याचं दुकान आहे. माझी गाडी विकली गेली.’’ खोलीत हशा पिकला.

अध्यक्षबाई तेवढ्या हसल्या नाहीत. ‘‘त्या माणसाची मान खरंच दुखावली होती का?’’ त्यांनी विचारलं.

मास्तरांना रविवारचा रस्ता दिसला. घाम आलेला तो ओठ दिसला. ऑपरेशन दिसलं. आणि त्याच्या मागे ते दुकान दिसलं, सगळे दिवे लागलेलं.

‘‘ते मला कसं कळणार, बाई?’’ ते म्हणाले. ‘‘मान त्यांची आहे.’’

या वेळी हशा आधीपेक्षा मोठा झाला. दुसऱ्या दिवशी पेपरात मास्तरांच्या फोटोखाली हेच वाक्य होतं. संघटनेने शाल-बिल घातली नाही, पण चहा पाजला. कायदा मंजूर झाला. हप्ता खरोखर उतरला. फार नाही, पण गाडी राहिली, स्कूल राहिलं. साडूच्या दाव्याला कायद्यात लिहिली होती तेवढी रक्कम मिळाली. ती वकिलाची फी आणि आधीची औषधं यातच संपली.

सासूबाईंच्या वाढदिवसाला सगळे जेवायला जमले. सासूबाईंनी आपल्या खुर्चीतली उशी काढून धाकट्यांच्या मानेमागे सारली. मेहुणीने त्याचं ताट त्याच्या हाताशी सरकवलं. मास्तरांची बायको पाण्याचा तांब्या घेऊन त्याच्याच बाजूला उभी. जो तो त्याच्या मानेची चौकशी करत होता. मास्तर समोर बसून ती उशी बघत होते आणि त्यांना त्या उशीचासुद्धा हेवा वाटत होता.

‘‘ऑपरेशन राहिलं म्हणे,’’ सासूबाई म्हणाल्या. ‘‘हातातोंडाशी आलेले पैसे गेले तरी कुठे? कोणी केलं हे?’’

मेहुणीने मान वर केली आणि सरळ मास्तरांकडे बघितलं.

‘‘कायदा बदलला, आई,’’ साडू म्हणाला. ‘‘सगळ्यांनाच तेवढे मिळतात आता. बघू, पुढेमागे करू.’’ आणि त्याने चटणी मागितली.

परतताना गाडीत मास्तरांना राहवलं नाही.

‘‘त्याने पाहिलं होतं का ते? माझं भाषण?’’

‘‘पाहिलं ना,’’ बायको म्हणाली. ‘‘दोघांनी दुकानात बसून पाहिलं.’’

‘‘मग?’’

‘‘मग काय? तिने रागाने टीव्ही बंद केला. तो म्हणाला, लाव गं, दादा छान बोलतात.’’

‘‘आणि?’’

‘‘दादांची गाडी वाचली तर बरंच आहे, म्हणाला.’’

‘‘बस? एखादी शिवी? काहीतरी म्हणाला असेल की.’’

‘‘नाही.’’

‘‘तू लपवतेयस.’’

‘‘नाही हो. विचारलं मी तिला. मलाही वाटलं होतं, दिली असेल.’’

मास्तर गाडी चालवत राहिले. एक तरी शिवी दिली असती, तर त्यांनी ती जन्मभर जपून ठेवली असती. सिग्नल लागला, गाडी थांबली. बायको खिडकीतून बाहेर बघत होती.

‘‘तिचं दुकान झालं, नवी गाडी आली, तुम्ही रात्रंदिवस जळत होतात,’’ ती म्हणाली. ‘‘मला कधी काही वाटलं नाही. धाकटी आहे, तिचं चांगलं होऊ दे. आज पहिल्यांदा मला तिचा हेवा वाटला.’’

सिग्नल सुटला. मागच्या गाडीने हॉर्न दिला. मास्तरांनी क्लच सोडला आणि गाडी बंद पडली.