सात धोंडिबा

"माझ्या कथांमध्ये अख्खं गाव आहे, पण गावातल्या एकालाही आजवर स्वतःचा पत्ता लागलेला नाही," असं कैलासनं लोणावळ्याच्या वाचनालयात छाती पुढं काढून सांगितलं. ऐकायला अकरा जण होते. त्यातले चार पोह्यांसाठी आलेले, आणि एक चुकून, त्याला वीजबिल भरायचं होतं. तरी टाळ्या पडल्या. त्यामुळं कैलासला आणखी चेव आला. एकाचं नाक दुसऱ्याला लावायचं, चाल तिसऱ्याची घ्यायची, बोलणं चौथ्याचं; मग तो माणूस आपलीच गोष्ट मांडीवर घेऊन बसला तरी त्याला कळणार नाही, हीच तर कला, असं तो म्हणाला.

आठव्या दिवशी, गावच्या घरी त्यानं अजून चूळही भरली नव्हती, तेव्हा सोपान दारात उभा होता.

"कैलास, त्यो धोंडिबा म्हंजी मीच न्हवं?"

कैलास वलवणला एका बंगल्याचा मॅनेजर होता. शनिवार-रविवार तिथं पाहुणे येत, आणि सोमवारी तो जाळी घेऊन स्विमिंग पूलमधून कोंबडीची हाडं, सिगारेटची थोटकं आणि एकदा तर कुणाची तरी कवळी बाहेर काढत असे. सोमवारी त्याला समस्त मनुष्यजातीची शिसारी यायची. पण मंगळवार ते शुक्रवार बंगला रिकामा. बारा जणांच्या जेवणाच्या टेबलावर तो एकटा वही उघडून बसे, आणि एखादं वाक्य मनासारखं जमलं की कवळी काढलेले हातही त्याला पवित्र वाटत. 'एक वीत' ही कथा त्यानं याच टेबलावर तीन वर्षं घासली होती.

तिच्यातला धोंडिबा दर पावसाळ्यात भातखाचराचा बांध नव्यानं लिंपताना तो एक वीत पुढं, खालच्या शेजाऱ्याच्या खाचरात सरकवतो. कुणाच्या लक्षात येत नाही. चाळीस वर्षांनी धोंडिबा मरतो, आणि तिरडी न्यायला वाट उरलेली नसते, कारण ती त्यानंच खाल्लेली असते. कथा दिवाळी अंकात आली. पुण्याच्या प्रकाशकानं तिच्याच नावानं कैलासचं पहिलं पुस्तक काढायचं ठरवलं. संपादक तेजल मॅडम फोनवर म्हणाल्या होत्या की बाकीच्या कथा ठीक आहेत, पण पुस्तक उभं आहे ते या एकीच्या जिवावर.

कैलासनं धोंडिबा उचलला होता तो बजरंग आबांवरून. आंदर मावळातल्या त्याच्या गावी आबांचं खाचर कैलासच्या खाचराला लागून वरच्या अंगाला. आबा आमचा बांध खातोय, असं कैलासची आई मुक्ताबाई तीस वर्षं कडाकडा बोटं मोडत सांगत आली होती. आता गावात वाचतं कोण, म्हणून कैलास निर्धास्त होता. पण मुक्ताबाईनं कौतुकानं तो अंक दूध डेअरीवर नेला, त्याच सकाळी फॅटचं मशीन बिघडलं, आणि चाळीस माणसं किटल्या घेऊन ताटकळली. डेअरीवरच्या उमेशनं वेळ जावा म्हणून अंक उघडला आणि खड्या आवाजात वाचायला सुरुवात केली.

सोपानकडं पुरावा होता. धोंडिबा डाव्या पायानं लंगडतो आणि सोपान उजव्या. पाय तेवढा बदललास, म्हणाला, आम्हाला काय कळत न्हाई व्हय. कैलासनं त्याला चहा पाजून वाटेला लावला, तेवढ्यात निवृत्ती आला. त्याची तक्रार वेगळीच. धोंडिबा आपण आहोत याबद्दल त्याला शंका नव्हती, पण त्यानं आयुष्यात कधी एका वेळी चार बोटांपेक्षा जास्त बांध सरकवला नव्हता, आणि लेखकानं त्याची थेट वीत केली होती. बदनामीला बी काही माप पाहिजे, असं तो म्हणाला. त्याच्या मागोमाग कस्तुराबाई. तिच्या मते धोंडिबा म्हणजे तिचा मयत नवरा, आणि ती रागावली होती कारण तो मर्द गडी दर साली हातभर घ्यायचा, वीतभर घ्यायला तो काय भुरटा होता?

दुपारपर्यंत सात धोंडिबा झाले. जो येई तो आधी आपला गुन्हा बयाजवार सांगे आणि मग तो छापल्याबद्दल कैलासला शिव्या घाली. तीन वर्षं घासलेली भाषा, पहिल्या पानावरचं ते चिखलाचं वर्णन, शेवटची ती वाट. कुणी एका अक्षरानं त्याबद्दल बोललं नाही. वाचक वाचक म्हणून ज्याची आपण वाट बघतो तो हा, चिखलाच्या पायांनी ओटीवर येतो, बशीतून चहा ओरपतो आणि आपली चोरी आपल्याच तोंडानं कबूल करून जातो. पूलमधली हाडं बरी म्हणायची.

सगळ्यात शेवटी बजरंग आबा आले. ते पोट धरून हसत होते.

"सोप्याला लय बेस पकडलास," म्हणाले. "लंगडणं तर हुबेहूब."

संध्याकाळी ठाकरवाडीतली बाया नावाची बाई आली. ती डेअरीचा ओटा धुवायची, आणि उमेश वाचत होता तेव्हा झाडू हातात धरून तिनं सगळी कथा ऐकली होती. हीसुद्धा धोंडिबा निघते की काय, म्हणून कैलास घाबरला. पण ती उंबऱ्याशी बसली.

"भाऊ, त्या धोंडिबाची बायको हाय ना," ती म्हणाली, "ती पयल्यापासून उभीच हाय. भाकरी करती, वाढती, पानी आनती. तिला येकडाव तरी खाली बसून जेऊ घालायचं व्हतं."

कैलासनं वही काढली. खरंच, वीस पानांत ती बाई एकदाही बसली नव्हती. तीन वर्षांत हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं, आणि दिवाळी अंकाच्या संपादकाच्याही नाही. लाजेनं त्याचे कान तापले, आणि लगेच एवढा आनंद झाला की त्यानं बायाला दोनदा चहा विचारला. पुढच्या मंगळवारी त्यानं चार ओळी लिहिल्या. धोंडिबा शेतात गेल्यावर त्याची बायको चुलीपुढं बसते आणि शिळी भाकरी चवीनं, सावकाश खाते. आजवर त्यानं लिहिलेल्यातल्या त्या सगळ्यात चांगल्या ओळी होत्या. त्यानं त्या पुण्याला पाठवल्या आणि आठवडाभर एकटाच हसत हिंडला.

पण धोंडिबा गप्प बसले नव्हते. सातही जण तंटामुक्त समितीकडं गेले. समितीचे अध्यक्ष बजरंग आबाच. देवळात बैठक बसली. आबांनी दोन्ही बाजू मोठ्या न्यायबुद्धीनं ऐकून घेतल्या. कुणी म्हणालं धोंडिबाला शेवटी पश्चात्ताप होऊन त्यानं गावजेवण घालावं, कुणी म्हणालं त्याला दुसऱ्या गावचा, तिकोणा पेठेचा करा म्हणजे मिटलं, आणि कस्तुराबाईनं वितेचा हात करण्याची मागणी लावून धरली. कैलास उठला आणि म्हणाला की पुस्तकात ही कथा जशी आहे तशीच जाईल, तुमच्या म्हणण्यावरून एक स्वल्पविरामसुद्धा हलणार नाही. समितीत स्वल्पविराम म्हणजे काय यावर थोडी कुजबुज झाली.

मग आबांनी तोडगा काढला. गावातल्या गावात भांडण्यापेक्षा सरकारी मोजणी आणावी. ज्याचा बांध नकाशाच्या बाहेर निघेल तो खरा धोंडिबा. त्यानं हो म्हटलं तर कथा पुस्तकात राहील, नाही म्हटलं तर काढायची. बाकीच्यांनी आपापल्या घरी जायचं.

गोष्टीतलं माणूस कोण हे भूमापकाला विचारायचं, हे ऐकून कैलासला हसावं की ओकावं कळेना. पण मग त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"आणि आबा, तुमचाच निघाला तर?"

"माझा निगाला तर बिनघोर छाप," आबा म्हणाले. "वर माझा फोटू टाक."

कैलासनं तिथल्या तिथं ठरावावर सही ठोकली. तीस वर्षांच्या बांधाचा हिशोब आणि पुस्तक, दोन्ही एका दगडात. घरी येऊन त्यानं आईला सांगितलं. मुक्ताबाई त्या दिवशी जेवली नाही. कैलासला वाटलं, आनंदानं.

भात काढून खाचरं वाळली, आणि जानेवारीत मोजणी आली. तिवईवर मशीन लावून एक तरुण भूमापक दिवसभर त्या उतारावर वरखाली करत होता, आणि त्याच्यामागं टोप्या आणि पदर सावरत सात धोंडिबा. उतारावर एकाखाली एक अशी नऊ खाचरं. सगळ्यात वर सोपानचं, खालून दुसरं आबांचं आणि सगळ्यात खाली, ओढ्याच्या अंगाला, कैलासचं. चार वाजता भूमापकानं घाम पुसला आणि निकाल सांगितला.

सगळ्यांचेच बांध सरकले होते. पण प्रत्येकानं खालच्याचं जेवढं घेतलं, तेवढंच वरच्यानं त्याचं घेतलं होतं. सोपानच्या वर कुणी नव्हतं, तिथं डोंगराची दरड तेवढीच खाली आली होती. म्हणजे चाळीस वर्षं रात्रंदिवस खपून अख्खा उतार एक पट्टा खाली सरकला होता, आणि कुणाच्याच क्षेत्रात वीतभराचाही फरक नव्हता. सगळे कागदावर स्वच्छ. फक्त सगळ्यात खालच्या माणसाला घ्यायला खाली कुणाचं खाचर उरलं नव्हतं. त्यानं घेतलं होतं ते ओढ्याकाठचं गायरान, सरकारी.

"हे अतिक्रमण कुणाचं?" भूमापकानं विचारलं.

सातबाऱ्यावर नाव मुक्ताबाईचं होतं.

सात जणांनी टोप्या-पदर नीट केले आणि ते मोठ्या समाधानानं घरी गेले. बजरंग आबा जाताना म्हणाले की मुक्तावैनी असं करतील असं सपनात बी वाटलं नव्हतं, पण पोरानं आईला सोडलं न्हाई, त्याला लेखक म्हनायचं.

मुक्ताबाई पडवीत भिंतीकडं तोंड करून बसली होती.

"आबा वरून खायचा, मी काय हवा खाऊ?" ती म्हणाली. "आन तू त्ये छापलंस. आईला चोर केलंस."

धोंडिबा बाप्या आहे, त्याला बायको आहे, तो शेवटी मरतो, हे कैलास दोन दिवस समजावत राहिला. मला तर ठाऊकच नव्हतं, असंही त्यानं शपथेवर सांगितलं. मुक्ताबाईनं सगळं ऐकून घेतलं.

"सोपानाचा पाय बदलतूस, तसा माझा बाप्या केलास," ती म्हणाली. "काढ ती गोष्ट. ठरावावर तुझीच सई हाय."

आई असती तर एक वेळ त्यानं मनवलं असतं. पण ही आता आई नव्हती, ही पात्र होती, आणि पात्रांची त्याला पुरती किळस आली होती. सोमवारी पूलमधून एक अंडरपँट काढून झाल्यावर त्यानं ओल्या हातानंच तेजल मॅडमना फोन लावला आणि कथा काढायला सांगितली, त्या नव्या चार ओळींसकट. मुखपृष्ठ छापून झालंय, त्या म्हणाल्या, आणि या कथेच्या पुढची सगळी पानंही, आकड्यांसकट. बघते काय करता येतं.

पुस्तक मार्चमध्ये आलं. नाव 'एक वीत'. अनुक्रमणिकेत ती कथा पहिली होती, पान नऊ. पान नऊ ते अठ्ठावीस कोरी होती.