काटा चारवर

"ही तबकडी नाही, अंडं आहे," कॅप्टन म्हणाले आणि त्यांनी खुर्ची मागे सरकवली. "आणि एक नाही, सहा अंडी! मला विमान चालवायचंय, पोल्ट्री नाही."

जावई मॉनिटरच्या मागे वायरी धरून वाकला होता. तो तसाच अवघडत पुढे आला आणि त्यानं पाहिलं. सासऱ्यांचं काही खोटं नव्हतं. जुना चौकोनी मॉनिटर नऊ दिवसांपूर्वी एकदाच चरचरला होता आणि मग त्यानं कायमचे डोळे मिटले होते. तसले आता दुकानात मिळत नाहीत. मिळाला तो हा, उंचीच्या जवळजवळ दुप्पट रुंद. विमान चालवायच्या त्या प्रोग्रॅममधलं पॅनेल मात्र जुन्या पडद्याच्या मापानं काढलेलं. नव्या पडद्यावर ते दोन्ही बाजूंनी ताणलं गेलं होतं, आणि वेगाची, उंचीची, दिशेची, सगळ्या गोल तबकड्या आडव्या पसरल्या होत्या.

"थांबा बाबा, सेटिंग बदलून बघतो."

त्यानं बदललं. तबकड्या गोल झाल्या, पण पडद्याच्या दोन्हीकडे चार-चार बोटं रुंद काळे पट्टे आले.

"झापडं लावून बघायला मी काय टांग्याचा घोडा आहे?" कॅप्टन उठले आणि भिंतीला हात लावत आपल्या खोलीत गेले. दार लागलं.

स्वयंपाकघरातून बायको डोकावली. "आज पण नाही उडाले?"

"नाही."

ती पुन्हा आत वळली. तीन दिवसांपूर्वी वडिलांनी तिला विचारलं होतं, "बाई, हे घर कुणाचं?" तेव्हापासून ती जरा कमीच बोलत होती.

कॅप्टनना एकोणऐंशी वर्षं पूर्ण झाली होती. तीस वर्षं त्यांनी टपालाचं छोटं विमान डोंगरांमधून नेलं होतं. मग डोळ्यांनी दगा दिला. कडेचं दिसे, पण नेमकं बघावं तिथेच पुसट धब्बा. आकडे दिसेनात, लायसन्स गेलं, पाठोपाठ सासूबाई गेल्या आणि ते मुलीकडे राहायला आले. आठ वर्षांपूर्वी जावयानंच त्यांच्यासाठी हा प्रोग्रॅम कॉम्प्युटरवर घातला. तेव्हापासून रोज दुपारी तीनला ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून पडद्यासमोर बसत, तोच टपालाचा रस्ता चाळीस मिनिटांत पार करत आणि उतरल्यावर जाड पेनानं वहीत नोंद करत. तारीख, वेळ, हवामान. शेवटचा रकाना यंत्रं तपासणाऱ्याच्या सहीचा. तो आठ वर्षं कोरा होता. मेकॅनिकच नाही तर सही कुणाची घेणार?

आकडे वाचता येत नसले तरी काटा कुठे आहे एवढं त्यांना कडेच्या नजरेनं कळे. घड्याळ बघावं तसं ते बघत. "वेगाचा काटा चारच्या जागी आला की चाकं टेकवायची," असं ते दूधवाल्यालासुद्धा सांगत. उरलेल्या दिवसात ते गोळी घेतली की नाही विसरत, चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधत. त्या चाळीस मिनिटांत मात्र काही विसरत नसत. त्या चाळीस मिनिटांच्या खुंटीवरच त्यांचा सगळा दिवस टांगलेला होता, आणि खुंटी निखळली तेव्हा काय होतं ते आता घरात दिसत होतं.

जावई स्वतः वर्षभरापूर्वी निवृत्त झालेला. एकतीस वर्षं वाफेचा दाब मोजणाऱ्या मीटरच्या कारखान्यात, शेवटच्या तपासणीच्या टेबलावर. काटा केसभर जरी सरकलेला दिसला तरी तो मीटर बाजूला काढी. एकदा त्यानं आख्खा माल अडवला. साहेबांनी आधी समजावलं, मग चहा पाजला, मग दम दिला. यानं सही केली नाही ती नाहीच. त्याची बढती त्या दिवशी जी हुकली ती पुन्हा कधी त्याच्या वाट्याला आली नाही. सासऱ्यांच्या लेखी मात्र तो कायम "मीटरवाले" होता. विमान उडवणाऱ्याच्या मुलीनं मीटर मोजणारा निवडला, हे लग्नात त्यांनी हसत म्हटलं होतं. ते हसणं जावयाच्या अजून लक्षात होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं कॉम्प्युटर जेवणाच्या टेबलावर मांडला.

"आणि आपण जेवायचं कुठं? धावपट्टीवर?" बायकोनं विचारलं.

"दहा-बारा दिवस कळ काढ. पॅनेल नव्यानं काढतो. ह्या पडद्याच्या मापाचं."

काम किचकट होतं. प्रोग्रॅममध्ये पॅनेलचं एक चित्र होतं, प्रत्येक काट्याचं वेगळं चित्र होतं आणि कुठला काटा कुठे बसवायचा याच्या आकड्यांची एक लांबलचक यादी होती. एक तबकडी हलवली की तिचा काटा जुन्याच जागी लोंबकळे. त्यानं एकेक तबकडी काढली, एकेक आकडा बदलला. पण तबकड्या गोल राखल्यावर दोन्ही बाजूंना जी जागा उरली, तिचं काय करायचं? त्यानं करडा पत्रा रंगवला, त्यावर बेचाळीस स्क्रू काढले. तरी उजवी बाजू ओकीबोकीच दिसत होती.

शेवटी तो सासऱ्यांच्या बंद दाराशी गेला. "बाबा, तुमच्या विमानात उजव्या हाताला काय होतं?"

आतून आवाज आला, "नकाशांचा खण."

"कसा?"

"पत्र्याचा. झाकण बसायचं नाही नीट. हवेत धडधडायचं. मी पुठ्ठ्याची घडी खुपसायचो."

जावयानं खण काढला, झाकण किंचित तिरकं काढलं आणि फटीत पुठ्ठ्याची घडी. संध्याकाळी कॅप्टन आपणहून बाहेर आले, पडद्याच्या उजव्या कडेशी नाक नेऊन उभे राहिले. "घडी आणखी जाड होती," एवढंच म्हणाले. पण रात्री जेवायला ते सगळ्यांबरोबर बसले.

अकराव्या दिवशी जावयानं खोक्यातून सेल्युलॉइडची पारदर्शक चकती काढली. तिच्यावर बारीक रेघा होत्या. कारखान्यात ती तबकडीवर ठेवून तो काटे तपासत असे. निवृत्तीच्या दिवशी त्यानं ती मागून घेतली होती. आता त्यानं ती पडद्याच्या काचेवर टेकवली आणि एकेक काटा पडताळला. उंची ठीक. दिशा ठीक. वेगाच्या काट्याशी तो थबकला. काटा पाचनं कमी दाखवत होता. साठ दाखवे तेव्हा खरा वेग पासष्ट असे. ज्या कुणी मूळ पॅनेल केलं होतं त्याच्याच हातून राहिलेली चूक, आठ वर्षं कुणाच्या लक्षात आली नव्हती. जावयाला चोर पकडल्यासारखा आनंद झाला. त्यानं ती दुरुस्त करून टाकली.

तीन वाजता कॅप्टन पांढरा शर्ट घालून आले. बसले, विमान वळवायचा दांडा हातात घेतला, पडदाभर नजर फिरवली. "हं," म्हणाले. त्या 'हं'नं जावयाचे अकरा दिवस भरून पावले. विमान उडालं, डोंगर ओलांडले, पलीकडे धावपट्टी दिसू लागली. काटा चारवर आला. आणि विमान धावपट्टीच्या अलीकडेच दगड पडावा तसं खाली बसलं. पडदा लाल झाला.

कॅप्टन काही क्षण दांडा धरूनच राहिले.

"मीटरवाले, तबकड्या बरोबर आहेत ना?"

"अगदी तंतोतंत, बाबा. चकती लावून तपासल्यात." हे सांगताना त्याची मान जरा ताठ झाली होती.

"मग माझंच चुकलं."

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. त्या दिवशी कॅप्टननी शर्ट काढला, घडी घातली आणि मुलीच्या हातात दिला. "हे सगळे देऊन टाक कुणाला तरी. मला आता उतरवताही येत नाही."

तिनं शर्ट घेतला आणि तोंड फिरवलं. जावई तिथेच उभा होता. त्याच्या डोक्यात तेव्हा कुठे प्रकाश पडला. सासरे आकडा बघतच नव्हते. ते जागा बघत होते. काटा चारवर, म्हणजे साठच्या आकड्यावर असताना आधी विमानाचा खरा वेग पासष्ट असे, आता साठच होता, आणि साठला ते विमान हवेत टिकत नव्हतं. आठ वर्षं म्हाताऱ्याचा हात त्या चुकीवरच बसलेला, आणि जावयानं ती शहाणपणानं सुधारली होती. त्याला स्वतःची लाज वाटली.

"बाबा, काटा चारच्या जरा पुढे ठेवून उतरवून बघा ना."

"आठ वर्षं चारवर उतरवतोय," कॅप्टन थकून म्हणाले. "आता नवीन काय शिकवता?"

संध्याकाळभर तो त्या आकड्यांच्या यादीसमोर बसून राहिला. बायको शेजारी येऊन बसली. त्यानं तिला सगळं सांगितलं.

"मग पहिल्यासारखं करा ना."

"खोटा काटा आहे गं तो."

"खोटाच," ती म्हणाली. "आणि ते खरे आहेत."

त्यानं आकडा बदलला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं बरोबर मीटर जाणूनबुजून बिघडवलं. मग खोलीत जाऊन म्हणाला, "बाबा, उद्या एकदा, शेवटचं. माझ्याखातर."

दुसऱ्या दिवशी तीनला कॅप्टन साध्या सदऱ्यातच बसले. मुलीनं पांढरा शर्ट खुर्चीच्या पाठीवर ठेवला. विमानानं डोंगर ओलांडले. काटा चारवर आला. चाकं टेकली, एकदा हलकेच उसळली आणि विमान धावपट्टीवरून सरळ धावत जाऊन थांबलं. कॅप्टननी मागे हात नेऊन शर्ट घेतला, अंगात घातला, सगळी बटणं लावली आणि वही उघडली. तारीख, वेळ, हवामान. मग त्यांनी वही जावयापुढे सरकवली.

"करा सही."

"मी?"

"मग कोण? तीन दिवस मी आपटलो ते माझ्या हातानं. तुम्ही तबकड्या खऱ्या आहेत म्हणालात, म्हणून आज पुन्हा बसायचा धीर झाला. मला माहितीये, तुम्ही नोकरीवर पाणी सोडाल पण खोटा काटा पास करणार नाही." त्यांनी त्याला कधी नावानं हाक मारली नव्हती, आजही मारली नाही. पण पेन दोन्ही हातांनी पुढे केलं.

जावयानं बायकोकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली होती. त्यानं शेवटच्या रकान्यात सही केली. कारखान्यात करायचा तशीच, सरळ, खाली एक रेघ. कॅप्टननी वही डोळ्याच्या कडेशी धरून ती सही निरखली, शाईवर फुंकर घातली आणि वही मिटली.

"उद्या तीनला," ते म्हणाले.

ते आत गेल्यावर जावयानं टेबलावरची सेल्युलॉइडची चकती उचलली, रुमालानं पुसली, खोक्यात ठेवली. मग स्टुलावर चढून त्यानं ते खोकं माळ्यावर, अगदी मागे, हात पोचणार नाही इतक्या आत सरकवलं.