एकतीस कार्डं

गिओकलानने दोन्ही लाकडी ठोकळे ओंजळीत घेतले, कपाळाला टेकवले आणि छातीच्या उंचीवरून सोडले. सिमेंटच्या फरशीवर टक्, टक् असे दोन आवाज झाले. चंद्रकोरीच्या आकाराचे ते तुकडे क्षणभर डुलले आणि थांबले. एकाची सपाट बाजू वर, एकाची फुगीर.

"उजवा कौल," ती म्हणाली.

कारखान्याच्या मालकांनी हातातलं हजेरीचं कार्ड भिंतीवरच्या खोबणीत परत खोचलं आणि पुढचं काढलं.

जागेची राखण करणाऱ्या भूमिबाबाची वर्षातली शेवटची पूजा होती. कारखान्याच्या दाराशी मांडलेल्या टेबलावर संत्री, शेंगदाणे, तांदळाच्या वड्या आणि चहाचे तीन पेले होते. बावीस वर्षं, दर चांद्रमासाच्या दुसऱ्या आणि सोळाव्या दिवशी, हे टेबल गिओकलानच मांडत आली होती. आदल्या दिवसापासून ती मांस-मासे आणि लसूण शिवत नसे. एरवी ती पॅकिंगला बसे, स्क्रूंची खोकी भरे.

आज मालकांनीच तिला थांबवून घेतलं होतं.

"लान, बत्तीस जणांतले दहा कमी केले नाहीत तर उन्हाळ्यापर्यंत टाळं लागेल. ज्यांच्याबरोबर तीस वर्षं जेवलो, त्यांतले दहा मी कुठल्या तोंडाने निवडू? बाबालाच विचारू. तुझा हात स्वच्छ आहे."

रीत सोपी होती. नाव घ्यायचं आणि विचारायचं, ह्याला राहू द्यायचं का? एक सपाट, एक फुगीर पडलं तर राहील. दोन्ही फुगीर पडले तर जाईल. दोन्ही सपाट पडले तर बाबा हसतोय, पुन्हा टाकायचं.

यंत्रं दुपारीच थांबवली होती. मागच्या अंगणात सगळे पाइप लावून वर्षाखेरीची धुलाई करत होते. इथे काय चाललंय ते त्यांना ठाऊक होतं. नाव तिथवर पोचत नव्हतं, लाकडाचा आवाज मात्र पोचत होता. ठोकळे पडले की मागचं पाणी थांबे. सगळे पाइप एकदम. मग थोड्या वेळाने पुन्हा सुरू होत.

"आता बून," मालक म्हणाले. "ह्याच्या लग्नात दारू पिऊन मी खुर्चीवर चढलो होतो."

टक्, टक्. दोन्ही फुगीर.

 मालकांनी कार्ड टेबलावरच्या पत्र्याच्या तबकात ठेवलं. पाणी थांबलेलंच होतं.

तासाभरात तबकात नऊ कार्डं झाली. गिओकलानचे खांदे भरून आले होते. उदबत्त्यांची राख वाकून बोटभर लांबली होती, पण एकीचीही गळून पडली नव्हती.

"एकच कार्ड राहिलं," मालक हलक्या आवाजात म्हणाले. "सूबी."

सूबी अठ्ठावन्न वर्षांची होती, स्क्रूचे आटे तपासायला बसे. डोळे अधू झाले होते. नवरा दोन वर्षं अंथरुणाला खिळलेला. इथून सुटली तर तिला दारात कोण उभं करणार होतं? जेवणाच्या सुट्टीत ती गिओकलानच्या शेजारी बसून तिच्या शाकाहारी डब्याची टिंगल करायची आणि अर्धा डबा संपवायची.

गिओकलानने ठोकळे कपाळाला लावले. या वेळी ती खाली बसली. "पाय दुखतात," ती म्हणाली. हात फरशीपासून जेमतेम वीतभर उंच होते. एक ठोकळा सपाट बाजूने वर, एक फुगीर. तिने बोटं फक्त बाजूला केली.

जसे धरले होते तसेच ते पडले.

"उजवा कौल," तिने सांगितलं. तिचा आवाज तिला दुसऱ्याच कुणाचा वाटला.

"नऊ तर नऊ," मालक म्हणाले. "बाबाची मर्जी."

"मालक, आणि माझं?"

"ज्याचा हात, त्याचं नाव विचारू नये म्हणतात."

तेवढ्यात मालकांचा मुलगा ऑफिसातून पाकिटांचा गठ्ठा घेऊन आला.

"अप्पा, पूजा झाली असेल तर आता हे वाटूया. कॉम्प्युटरवर सगळ्यांची कामं मांडून दहा जणांची यादी काढली मी. कुणी तरी काढायलाच हवी होती ना."

त्याची नजर तबकावर गेली. त्याने पहिलं कार्ड उचलून वाचलं, त्याच नावाचं पाकीट त्यावर ठेवलं. मग दुसरं. हळूहळू त्याचे हात मंदावले. नऊ कार्डांवर नऊ पाकिटं बसली.

"अप्पा, ही नावं तुम्हाला कुणी सांगितली?"

"ठोकळ्यांनी."

"मी अजून कुणालाच दाखवली नव्हती."

 त्याच्या हातात अजून एक पाकीट होतं. त्याने ते दोन्ही हातांनी, मान खाली घालून, गिओकलानपुढे धरलं.

"लानताई, माफ करा."

तिने नाव वाचलं. खाली तारीख होती, तीन दिवसांपूर्वीची. तीन दिवसांपूर्वी तिने अजून संत्रीसुद्धा आणली नव्हती. ती त्या तारखेकडे पाहत राहिली, मग पाकीट घडी करून तिने ॲप्रनच्या खिशात सरकवलं.

बापलेक तबक घेऊन मागे गेले. पाइप बंद झाले. या वेळी पुन्हा सुरू झाले नाहीत.

बऱ्याच वेळाने सूबी आली. बुटांतून पाणी पचपचत होतं.

"धाकट्या मालकांनी पाकिटं वाटली गं, मला नाही दिलं!" ती हसली. "भीतीने मी पाइप माझ्याच बुटात सोडला, बघ. बून रडतोय तिकडे. एवढा धिप्पाड माणूस, बघवत नाही. तुझं काय, तुला विचारायची गरजच नसेल म्हणा. तू गेलीस तर बाबाला चहा कोण देणार?"

"तू दे."

"मी? सकाळीच डुकराचं मांस चेपून आलेय मी! आणि तू काय, खुर्ची टाकून बघत बसणार?"

गिओकलानने फरशीवरचे ठोकळे उचलून पुसले आणि सूबीच्या ओल्या ओंजळीत ठेवले. मग तिचे हात धरून वर उचलले.

"इथे धर. छातीपाशी. खाली नाही."

"का? खाली धरलं तर काय होतं?"

गिओकलानने तिचे हात सोडले नाहीत.

"काही होत नाही," ती म्हणाली. "तेही बाबाने आधीच मोजलेलं असतं."